ऑप्शनवर हात

प्रश्न वाचून संपायच्या आत ती "सी" म्हणायची. आणि चुकायची नाही. प्रश्नांचं ते जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन मी जेमतेम अर्धं वाक्य वाचलेलं असायचं, की हिचं "सी" नाहीतर "बी" येऊन आदळायचं. मग राहिलेला प्रश्न माझा मीच मनात वाचायचा, मागच्या पानावर उत्तर बघायचं आणि मान हलवायची. सुरुवातीचे काही महिने मला तिचा हेवा वाटला. पुढे त्या "सी"नं मला जेवढं पिडलं तेवढं फिजिक्सनंही पिडलं नाही.

आम्ही दोघी रिपीटर. बारावी झालेली, मेडिकलच्या नीट परीक्षेत मार्क कमी पडलेले, म्हणून लातूरला क्लास. मी किल्लारीची, माझं हे पहिलं रिपीट. ती लोह्याजवळच्या एका खेड्यातली, तिचं दुसरं. नांदेड पायाशी असताना इकडं कशाला आलीस, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. ती म्हणाली, "आमच्या गावातली एकच पोरगी लागली मेडिकलला, ती लातूरहून लागली. मंग पप्पा म्हणले, तिकडंच जा." एवढंच. ती पोरगी कुठंही गेली असती तरी लागली असती, हे पप्पांना कोण सांगणार. लातूरच्या गल्लीगल्लीत लागलेल्यांचे फोटो असतात, माणसापेक्षा मोठे. न लागलेल्यांचे फोटो लावायचे म्हटले तर भिंती पुरायच्या नाहीत.

घरमालकीण काकूंच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिच्यात आमच्या दोन कॉट. तिच्या घरी ठरलेलं होतं की लातूरला एका वेळी एकच पोरगी ठेवायची. धाकटी बहीण लोह्याला बारावीत होती. मे महिन्यातल्या परीक्षेनंतर ही कॉट धाकटीची, मग मोठी लागो न लागो. लागली तर ती मेडिकलला जाणार होती. नाही लागली तर घरी. जबरदस्ती अशी कुणाची नव्हती. पप्पांनी दोघींना समोर बसवून विचारलं होतं आणि दोघींनी हाव म्हटलं होतं. हे सगळं ती वेणी घालता घालता सांगायची. 

तिची बायोलॉजी पक्की होती आणि माझी केमिस्ट्री. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमचा सौदा झाला: ती माझी बायोलॉजी ऐकणार, मी तिची केमिस्ट्री. याला आम्ही "घेणं" म्हणायचो. "माझं घे ना जरा," म्हटलं की दुसरीनं पुस्तक उचलायचं. नळाला पाणी यायचा दिवस हा त्यासाठी सगळ्यात चांगला, कारण आमच्या भागात पाणी रोज येत नाही. आलं की काकू खालून हाक मारायच्या आणि अंगणातला हौद भरेपर्यंत नळीजवळ कुणीतरी बसावं लागायचं. ते आम्ही बसायचो. क्लासच्या टेस्टमध्ये तिला केमिस्ट्रीत चांगले मार्क पडायचे. मात्र खऱ्या परीक्षेत दोन्ही वेळा केमिस्ट्रीनंच तिला पाडलं होतं. "पेपरच्या दिवशी काय होतं काय की," ती म्हणायची. "जसं काही कधी वाचलंच न्हाई." घरच्यांनी ते नशिबावर टाकलं होतं आणि तिनं मान्यही केलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो त्यानंतरची गोष्ट. पाणी आलं होतं. माझ्याजवळ क्लासचं पुस्तक नव्हतं, म्हणून मी किल्लारीहून आणलेलं एक जुनं पुस्तक घेऊन बसले. त्यातला एक प्रश्न आमच्या क्लासच्या पुस्तकात जसाच्या तसा आहे, फक्त ऑप्शनांचा क्रम वेगळा: हायड्रोक्लोरिक ॲसिड इतकं पातळ केलं की त्याची तीव्रता दहाचा उणे आठवा घात झाली, तर त्याचा पीएच किती? मी अर्ध्यावर पोचले तोच तिनं "डी" म्हटलं.

मी पुढचं वाचलं. त्या पुस्तकात डी म्हणजे आठ. आणि आठ म्हणजे साफ चूक, कारण आठ पीएच म्हणजे ॲसिड राहिलंच नाही, ते साबणाच्या पाण्यासारखं अल्कली झालं.

"डी न्हाई गं," मी म्हटलं.

"डीच हाय. डाव्या पानावर, खाली, दुसरा प्रश्न. डी."

मला आधी हसू आलं. मग मी आणखी एक विचारला, ऑप्शन मागेपुढे करून. तो चुकला. आणखी एक. तोही चुकला. मग ऑप्शन न देता नुसता पीएचचा प्रश्न विचारला. तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "आठ. उणे आठवा घात, म्हणून आठ." हौद भरून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं आणि काकू वरच्या पट्टीत ओरडत होत्या. मी नळी तशीच हातात धरून उभी. ही बाई दोन वर्षं केमिस्ट्री शिकलीच नव्हती. तिनं पुस्तक पाठ केलं होतं. कुठलं पान, कुठला कोपरा, कुठलं अक्षर. क्लासच्या टेस्टमध्ये त्याच पुस्तकातले प्रश्न त्याच ऑप्शनांसकट यायचे, म्हणून मार्क पडत होते. खरा पेपर काढणाऱ्यांना आमच्या क्लासचं पुस्तक माहीत नव्हतं. तिच्या नशिबाचा एवढाच काय तो मामला होता.

मी तिला हे सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "माह्या मार्काला काय झालंय? येऊन राहिलेत ना?"

"क्लासमधी येऊन राहिलेत."

"मंग क्लासवाल्याला कळत न्हाई का? तुलाच लई कळतं?"

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये शंका विचारायच्या टेबलावर गेले आणि तिथल्या सरांना ही सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, सर दचकतील. सरांनी संगणकावर तिचे मार्क बघितले आणि म्हणाले, "चांगलं चाललंय की. पहिल्या बॅचमध्ये आहे. उगी तिच्या डोक्यात काही घालू नको." मागे रांग होती. पुढच्या पोरीनं आपलं पुस्तक माझ्या खांद्यावरून टेबलावर ठेवलंसुद्धा. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या टेबलापाशी कळलं. वर्षभर लेकरांकडून पाठांतर करून घ्यायचं आणि मार्क आले की त्यालाच शिकवणं म्हणायचं.

तिला मात्र माझं बोलणं लागलं होतं. दोन दिवस ती माझ्याशी फटकून वागली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पुस्तक आणून माझ्या मांडीवर टाकलं. "घे माझं. पण ऑप्शन दिसू देऊ नको मला." त्या दिवसापासून आमचा नियम झाला. प्रश्न तिनं स्वतः वाचायचा आणि ऑप्शनांवर मी तळहात ठेवायचा. उत्तर सांगायचं, मग "कामून", म्हणजे का, ते सांगायचं, आणि तेव्हाच मी हात काढणार.

नियम ऐकायला छान वाटतो. पाळायला लागल्यावर आम्हा दोघींचा जीव नकोसा झाला. जिथं ती झटक्यात "बी" म्हणायची तिथं आता पाच-पाच मिनिटं नुसती माझ्या बोटांकडं बघत बसायची. माझा स्वभाव आधीच तापट. एक गोष्ट मी दोनदा सांगते, तिसऱ्यांदा आवाज चढतो. "अगं, कामून? कामून ते सांग." "मला काय की." "मग विचार कर." "करून राहिले ना." आणि एवढं होऊन ती माझ्या हाताखालून ऑप्शन दिसतोय का ते बघायची. मी तिच्या बोटावर पेन मारायचे. आमची भांडणं ऐकून काकूंनी एकदा वर येऊन विचारलं की पोरींनो, तुमचं भांडण जेवणावरून आहे का. केमिस्ट्रीवरून, असं सांगितल्यावर त्या आल्या पावली खाली गेल्या.

मग तिचे मार्क घसरले. आधी थोडे, मग धडाधड. टेस्टमध्ये आता ती अक्षर आठवायची नाही आणि विचार करायला वेळ पुरायचा नाही. दोन्हीकडून गेली. आमच्या क्लासमध्ये मार्कांवरून बॅच बदलतात आणि नवी बॅच दारावर चिकटवतात. जानेवारीत तिचं नाव दुसऱ्या बॅचच्या कागदावर आलं. ती गर्दीतून बाहेर आली ती सरळ खोलीकडं चालायला लागली. मी मागून हाका मारतेय, ही वळेना. खोलीत येऊन तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"तुह्या नादाला लागले," ती म्हणाली. "पप्पाला आता काय सांगू? वर होते ती खाली आले, असं सांगू?"

 तुझं वर असणं खोटं होतं असं म्हणणं ओठावर आलं होतं, ते गिळलं. त्या संध्याकाळी तिच्या घरून फोन आला तेव्हा ती गच्चीच्या कठड्याला टेकून "हाव पप्पा, चांगलं चालू हाय" म्हणत होती आणि मी आत चादरीच्या घड्या घालत होते, त्या मोडत होते, पुन्हा घालत होते. मला तिचा राग येत होता, सरांचा येत होता आणि सगळ्यात जास्त माझा येत होता. माझी स्वतःची फिजिक्स बोंबलत होती आणि मी दुसरीच्या केमिस्ट्रीच्या मागे लागले होते. बस झालं, उद्यापासून ज्याचं त्यानं बघावं, असं मी ठरवूनही टाकलं.

पाणी आलं तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. ती नळीजवळ आणि मी पायरीवर पुस्तक उघडून. काकूंनी सरबताला आणलेलं अर्धं पिळलेलं लिंबू हौदाच्या कडेवर पडलं होतं. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, खरं तर चिडूनच: "हे लिंबू या हौदात पिळलं तर पाण्याचा साबण होईल का?"

 मला वाटलं, चिडली.  मग तिनं हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला.

"न्हाई होणार," ती म्हणाली. "आंबट न्हाई लागणार, पण साबण कशाला होईल." पुन्हा थांबली. "पाण्यात पहिलेच हाय ना ते. हायड्रोजन. पाण्याचं सोताचं. आपण ॲसिडचं तेवढं मोजलं अन् पाण्याचं मोजलंच न्हाई. म्हणून आठ आलं." ती माझ्याकडं वळली. "ॲसिडचं जास्त असतं तवा पाण्याचं धरलं न्हाई तरी चालतं. इथं ॲसिडच इतकं कमी हाय की पाण्याचं धरावं लागतंय. दोन्ही मिळवायचे. सातच्या जरासंच खाली येईल. हाय ना?"

मी मान हलवली.  शिकवलेली गोष्ट कुणाला अशी कळताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि आनंदानं मला रडू यायला लागलं होतं. ते लपवायला मी काकूंना हाक मारली की हौद भरला.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तिला आता चटकच लागली. फेब्रुवारीपासून ती प्रत्येक गोष्टीला "कामून" विचारायला लागली. पाणी तापल्यावर उकळतं, पण विस्तव वाढवला तरी त्याहून तापत का नाही? मेसच्या भाजीच्या पातेल्याला आतून पांढरं कशाचं चढतं? मूलद्रव्यांच्या तक्त्यात गॅलियम ॲल्युमिनियमच्या खाली आहे, तर मग त्याचा अणू मोठा का नाही? मेसमध्ये जेवताना विचारायची, बाथरूमच्या दाराबाहेरून विचारायची. बरेच प्रश्न मलाही यायचे नाहीत. मी म्हणायचे, "अगं, एवढं विचारत न्हाईत परीक्षेत." ती म्हणायची, "तूच तर हात ठेवला ना ऑप्शनवर." आणि एका धड्यात दिवस घालवायची. तिचं बायोलॉजीचं पुस्तक उशाशी तसंच पडून राहायला लागलं. बायोलॉजीला केमिस्ट्रीच्या दुप्पट मार्क असतात, हे लातूरमधल्या चहावाल्यालाही माहीत आहे. मी तिला शंभरदा सांगितलं. "येतं मला बायोलॉजी," ती म्हणायची, "ते कुठं पळून चाललंय." आधी तिला विचार करायला लावता लावता माझा घसा बसला होता, आता विचार थांबवता थांबवता बसला. असला वैताग मी आयुष्यात कधी भोगला नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. तिचं सेंटर नांदेडला आलं, माझं लातूरला. संध्याकाळी तिचा फोन आला. तिच्या पाठीमागे बसस्टँडवरचा गलका ऐकू येत होता. "केमिस्ट्री लई भारी होती," ती म्हणाली. "एकबी प्रश्न ओळखीचा नव्हता. पण सगळे येत होते." बायोलॉजीचं काय, विचारलं तर म्हणाली, "ते जरा विसरल्यासारखं झालं."

निकालात तिला केमिस्ट्रीत माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पुष्कळ जास्त. बायोलॉजीत मात्र ती मागच्या वर्षीपेक्षाही खाली गेली होती, आणि सगळं मिळून ती पुन्हा काठावरून आत येता येता राहिली. माझं तर काठापर्यंतही आलं नाही, फिजिक्सनं खाल्लं. आमच्या घरी एकटीच मी, म्हणून आणखी एक वर्ष द्यायला घरचे तयार झाले. तिच्या घरचं आधीच ठरलेलं होतं.

पप्पा गादी न्यायला आले. आले ते दारातच उभे राहिले, पोरींच्या खोलीत येऊ का नको असं त्यांना झालं होतं. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "बाई, तू लई मदत केली म्हणे आमच्या पोरीला." त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त झोंबलं. मी खरंच मदत केली का? तिला अक्षरं पाठ करू दिली असती आणि बायोलॉजी तिच्या हातात राहिली असती, तर चार मार्क इकडचे तिकडे होऊन ती लागली असती का? का तिसऱ्यांदाही तसंच झालं असतं? मला अजून सांगता येत नाही, आणि हे न सांगता येणंच मला सगळ्यात जास्त छळतं.

गादी बांधून झाल्यावर ती कॉटच्या लोखंडावर बसली. नांदेडला बी.एस्सी.ला नाव घालणार होती, लोह्याहून बसनं जाऊन येऊन.

"केमिस्ट्री येती आता मला," ती म्हणाली. "आता कुठं लावू ती?"

ती रडली असती तर मी काहीतरी बोलले असते. ती खरंच विचारत होती. मी तिची पिशवी उचलली आणि खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

जुलैत धाकटी आली. तिचीही नीट हुकली होती, आता तिचं पहिलं रिपीट. तिला सोडायला पप्पा आले नाहीत, मोठीच आली. गादी तीच, दोरीही तीच. धाकटी हसरी, बोलकी, आल्या आल्या मला ताई म्हणायला लागली. खोली बघितली, गच्ची बघितली आणि कॉटवर बसून मोठ्या कौतुकानं पिशवीतून एक पुस्तक काढलं. क्लासचं केमिस्ट्रीचं. मोठीनं पहिल्या रिपीटला वापरलेलं आणि घरी नेऊन ठेवलेलं. पानापानावर बरोबर ऑप्शनला तिच्याच निळ्या पेनच्या खुणा.

"माझं पूर्ण झालंय हे, ताई," धाकटी म्हणाली. "घरी बसून केलं. घ्या तुम्ही माझं. कुठूनबी विचारा."

मी मोठीकडं बघितलं. ती बाटली भरत होती, थांबली. मी पुस्तक उघडलं आणि तो पीएचचा प्रश्न काढला. डाव्या पानावर, खाली, दुसरा. "हायड्रोक्लोरिक ॲसिडचं द्रावण," एवढंच मी वाचलं.

"डी," धाकटी म्हणाली आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघून हसली.

मला पुस्तक गच्चीवरून खाली फेकावंसं वाटलं. पुन्हा तेच सगळं, तीच भांडणं, तेच घसरणारे मार्क, दारावरचा तोच कागद, आणि या खेपेला मी एकटी. माझ्यात ते करायचं त्राण नव्हतं, आणि तसं मी म्हणणारही होते.

तेवढ्यात मोठीनं बाटली खाली ठेवली. गावाची बस चुकणार होती, हे तिला माहीत होतं. ती येऊन धाकटीच्या शेजारी बसली, पुस्तक माझ्या हातातून घेऊन दोघींच्या मांडीवर ठेवलं आणि आपल्याच निळ्या खुणांवर तळहात पालथा टाकला.

"आता सांग," ती म्हणाली. "कामून?"